योनाच्या सावलीचा वाद

उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ओएआ नावाचे एक रोमन नगर होते. आज त्याच जागी लिबियाची राजधानी त्रिपोली उभी आहे. पाचव्या शतकाच्या अगदी आरंभी तेथील बिशपने उपासनेत धर्मग्रंथाचे एक नवे लॅटिन भाषांतर वाचून दाखविण्याचा प्रघात सुरू केला. भाषांतर जेरोमचे होते आणि ते प्रचलित ग्रीक संहितेवरून न करता थेट हिब्रूवरून केलेले होते. योना संदेष्ट्याच्या पुस्तकाचे वाचन चालू असताना श्रोत्यांच्या कानी एक अनोळखी शब्द पडला आणि सभेत गदारोळ उसळला. विशेषतः ग्रीक भाषक मंडळींनी ग्रंथ भ्रष्ट केल्याचा आरोप केला. अखेर बिशपला गावातील यहुद्यांकडे जाऊन मूळ हिब्रूत काय आहे ते विचारावे लागले. ग्रीक आणि जुन्या लॅटिन प्रतींत जे आहे तेच हिब्रूतही आहे, असे त्यांनी सांगितले. आपला जनसमुदाय आपल्याला सोडून जाईल या भयाने बिशपने नवा शब्द चुकीचा ठरवून काढून टाकला आणि जुना पुन्हा बसविला.

ही हकीकत ऑगस्टीनने इ.स. 403 मध्ये जेरोमला लिहिलेल्या पत्रात येते. ऑगस्टीन तेव्हा हिप्पोचा बिशप होता. जेरोम दूर बेथलेहेममधील आपल्या मठात ग्रंथांच्या राशीत बसलेला होता. वादग्रस्त शब्द कोणता हे ऑगस्टीनने पत्रात सांगितलेले नाही. मात्र जेरोमने तो तत्काळ ओळखला, कारण त्याच एका शब्दावरून त्याच्यावर पूर्वीही टीका झालेली होती. तो शब्द म्हणजे एका झाडाचे नाव. निनवे नगराचा नाश होत नाही म्हणून रुसलेला योना नगराबाहेर मांडव घालून बसतो. देव त्याच्यावर सावली धरण्यासाठी एक झाड उगवतो, दुसऱ्या दिवशी पहाटे एक किडा ते कुरतडतो आणि झाड वाळून जाते. हिब्रूत या झाडाला ‘किकायोन’ म्हटले आहे. संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये हा शब्द या एकाच प्रकरणात येतो. सत्तर पंडितांनी केल्याची आख्यायिका असलेल्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुअजिंटमध्ये, त्याचा ‘भोपळ्याचा वेल’ झाला होता. त्यावरून केलेल्या जुन्या लॅटिन भाषांतरातही भोपळाच होता. जेरोमने तेथे ‘हेडेरा’ हा शब्द घातला. हेडेरा म्हणजे भिंतींवर आणि झाडांवर चढणारी आयव्ही.

भोपळा की आयव्ही, एवढ्यासाठी एक अख्खी धर्मसभा खवळून उठावी, हे प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटण्याजोगे आहे. शिवाय ते झाड बहुधा या दोहोंपैकी एकही नव्हते, ते एरंडाचे होते, असा आधुनिक अभ्यासकांचा सर्वसाधारण कल आहे. त्यामुळे हा सगळा पत्रव्यवहार म्हणजे शब्दशः एरंडाचे गुऱ्हाळ होते, असे एखादा मराठी वाचक म्हणू शकेल. परंतु संहिता कोणाची, तिच्यातील बरोबर आणि चूक ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि तिला वर्षानुवर्षे कानांत व मनात सांभाळणाऱ्यांना त्या निर्णयात काही स्थान आहे की नाही, हे प्रश्न या एका झाडाच्या सावलीत जितक्या उघडपणे दिसतात तितके मोठमोठ्या सिद्धान्तग्रंथांतही क्वचितच दिसतात.

ओएआच्या श्रोत्यांना अडाणी म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. ऑगस्टीनने तसे केले नाही. त्याच्या वर्णनाचा आशय असा, की नवा शब्द हा सर्वांच्या इंद्रियांत आणि स्मरणात मुरलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या गाइल्या गेलेल्या शब्दाहून फारच निराळा होता. येथे ‘इंद्रिये’ या शब्दाला महत्त्व आहे. त्या काळातील बहुसंख्य ख्रिस्ती माणसांच्या हाती ग्रंथ नव्हता. त्यांच्या वाट्याला तो श्रवणातून येत होता. आणि श्रवणाला दर्शनाचीही जोड होती. रोमच्या भूमिगत दफनस्थळांतील भित्तिचित्रांत आणि तिसऱ्या-चौथ्या शतकांतील दगडी शवपेटिकांवर जी बायबलमधील दृश्ये वारंवार आढळतात, त्यांत भोपळ्याच्या वेलाखाली निवांत पहुडलेला योना अग्रभागी आहे. माशाच्या पोटातून बाहेर आलेला हा माणूस मृतांच्या पुनरुत्थानाचे चिन्ह मानला जात असे; म्हणूनच तो थडग्यांवर कोरला जाई. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातील अक्विलेया येथे चौथ्या शतकाच्या आरंभी घातलेल्या चर्चच्या विस्तीर्ण कुट्टिम-जमिनीवरही मासे, नावा आणि वेलाखाली विसावलेला योना यांची चित्रे आहेत. वेलाला लोंबणारी लांबट फळे पाहून ते झाड कोणते याविषयी कोणाच्याही मनात शंका उरत नाही.

या अक्विलेयाचा आणि प्रस्तुत वादाचा संबंध निव्वळ दृष्टान्तापुरता नाही. तरुणपणी जेरोम तेथील तपस्वी मित्रांच्या मंडळात काही काळ राहिला होता. त्याच मंडळात रुफिनस होता. पुढे ओरिजेनच्या शिकवणुकीवरून या दोघा मित्रांत असे वितुष्ट आले की त्यांच्या स्नेहाचे वर्णन विळ्याभोपळ्याचे सख्य याच शब्दांत करावे लागेल. इ.स. 401 च्या सुमारास रुफिनसने जेरोमविरुद्ध जो ग्रंथ लिहिला त्यात या झाडाचा उल्लेख आहे. त्याच्या उपरोधाचा रोख असा: जग एवढे म्हातारे झाल्यावर आता पूर्वजांच्या थडग्यांवरही लिहून ठेवू या, म्हणजे ज्यांनी येथे वेगळे वाचले होते त्या मृतांनाही कळेल की योनाला भोपळ्याची नव्हे, तर आयव्हीची सावली लाभली होती. या उपरोधात मत्सर आहेच, पण त्याखाली एक खरा प्रश्नही आहे. ज्या शब्दाच्या आधाराने माणसांनी आपल्या मृतांना निरोप दिला, तो शब्द मागाहून चूक ठरतो तेव्हा त्या निरोपाचे काय होते? पाठचिकित्सेच्या शास्त्राजवळ या प्रश्नाचे उत्तर नाही. तो आपला प्रश्नच नाही, असे ते शास्त्र म्हणेल, आणि आपल्या मर्यादेत ते योग्यही ठरेल. परंतु प्रश्न त्यामुळे नाहीसा होत नाही.

हान्स रॉबर्ट याउस या जर्मन समीक्षकाने 1967 मध्ये कॉन्स्टान्स विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली आणि साहित्यकृतीचा इतिहास हा तिच्या स्वीकाराचाही इतिहास असतो, असे प्रतिपादन केले. ओएआचा प्रसंग हे त्या सिद्धान्ताचे उदाहरण म्हणून सहज देता येईल: क्षितिज ठरलेले होते, नवा शब्द त्याच्या बाहेरचा होता, म्हणून संघर्ष झाला. पण उदाहरण सिद्धान्तात पुरते मावत नाही. याउसच्या विवेचनात अपेक्षाभंग ही बहुतांशी सौंदर्यमूल्याची खूण असते; वाचकाचे क्षितिज रुंदावते आणि कृतीला नवे मोल येते. धर्मग्रंथाचा श्रोता नवा अनुभव घेण्यासाठी आलेला नसतो. जे पूर्वी ऐकले तेच पुन्हा ऐकू येणे हाच त्याच्या लेखी ग्रंथाच्या प्रामाण्याचा पुरावा असतो. त्याच्या दृष्टीने पुनरुक्ती हाच अर्थ असतो. स्वीकारमीमांसा साहित्यकृतीकडून धर्मग्रंथाकडे नेताना हा भेद विसरला, तर श्रोत्यांचा संताप केवळ प्रतिगामीपणा म्हणून नोंदला जातो आणि त्यातील ज्ञान दृष्टीआड होते.

आता जेरोमची बाजू. या माणसाला वाचकांच्या सवयीची जाणीव नव्हती असे मुळीच नाही. पोप दामाससच्या सांगण्यावरून त्याने 384 च्या सुमारास चार शुभवर्तमानांची लॅटिन संहिता सुधारली, तेव्हाच प्रस्तावनेत त्याने पुढचे सारे ओळखून ठेवले होते. विद्वान असो की अविद्वान, हातात ग्रंथ घेताच आणि जिभेवर बसलेल्या चवीहून काही निराळे आढळताच तो आपल्याला खोटारडा आणि धर्मद्रोही म्हणेल, अशा आशयाची वाक्ये तेथे आहेत. तरीही तो पुढे गेला. बेथलेहेममध्ये त्याने यहुदी शिक्षकांकडून हिब्रूचे अध्ययन चालू ठेवले. त्यांतील बारानिनास नावाचा शिक्षक स्वजनांच्या भयाने रात्री येत असे, असे जेरोमच सांगतो. या नावाचा ‘बराब्बास’ असा विपर्यास करून रुफिनसने त्याची टवाळी केली. पाउला आणि तिची कन्या युस्टोकियम या त्याच्या सहकारी विदुषीही हिब्रू शिकल्या. ‘हिब्रूतील सत्य’ हे या साऱ्या उद्योगाचे ब्रीद होते. भाषांतराचे भाषांतर करीत राहण्यापेक्षा उगमाशी जावे, ही त्यामागील साधी आणि बळकट भूमिका होती.

मात्र या एका झाडाच्या बाबतीत जेरोम उगमाशी जाऊन परत फिरला, ही गोष्ट त्याच्याच लेखनावरून दिसते. सुमारे 396 मध्ये लिहिलेल्या योनावरील भाष्यात तो किकायोनचे वर्णन करतो: पाने द्राक्षवेलीसारखी रुंद, सावली दाट, आधाराशिवाय स्वतःच्या खोडावर उभे राहणारे, पॅलेस्टाइनच्या रेताड जमिनीत सर्रास उगवणारे, बी टाकले की थोड्याच दिवसांत झाडाएवढे होणारे. सीरियाई आणि प्यूनिक भाषांतील त्याचे नावही तो देतो. हे वर्णन वाचणाऱ्याला एरंड ओळखण्यास वनस्पतिशास्त्राची गरज नाही. कोकणातील किंवा देशावरील कोणत्याही उकिरड्याच्या कडेला ते झाड उभे असते. हिरोडोटसने इजिप्तमधील एका तेलाचे ‘किकी’ असे नाव नोंदले आहे, ते याच एरंडाचे तेल. म्हणजे जेरोमला झाड माहीत होते. त्याच्याजवळ लॅटिन नाव नव्हते, एवढेच. हिब्रू शब्द तसाच ठेवला असता तर व्याकरणपंडितांना मोकळे रान मिळाले असते आणि त्यांनी त्याचे हिंदुस्थानातील श्वापद नाही तर बीओशियातील पर्वत करून टाकला असता, अशी भीती तो विनोदाने व्यक्त करतो. भोपळा लिहावा तर तो हिब्रूत नाही. म्हणून सत्तरांच्या नंतरच्या ग्रीक भाषांतरकारांनी, अक्विला आदींनी, जे लिहिले असे तो सांगतो ते त्याने घेतले: आयव्ही. पण स्वतःच्या खोडावर उभे राहणे हे ज्या झाडाचे लक्षण त्याने नोंदले, त्याला त्याने आधारावाचून उभी न राहणाऱ्या वेलीचे नाव दिले.

या तपशिलातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. हा वाद सत्य विरुद्ध सवय असा नव्हताच. श्रोत्यांनी आपल्या पूर्वजांच्या पाठाशी निष्ठा राखली. जेरोमने आपल्या पूर्वसूरींच्या, म्हणजे भाषांतरकारांच्या, पाठाशी राखली. स्टॅन्ली फिशने 1980 मध्ये अन्वयार्थ करणाऱ्या समूहांची जी कल्पना सविस्तर मांडली तिच्या परिभाषेत बोलायचे, तर येथे दोन समूह समोरासमोर होते: एक चर्चमधील, दुसरा ग्रंथालयातील. पहिल्याला आपण समूह आहोत हे ठाऊक होते, म्हणून तो एकत्र ओरडला. दुसरा समूह स्वतःला समूह मानीत नव्हता. तो स्वतःला मूळ ग्रंथाचा प्रतिनिधी समजत होता. विद्वत्तेचा हा भ्रम जेरोमपुरता मर्यादित नाही. प्रत्येक चिकित्सक आवृत्तीच्या प्रस्तावनेत उगमाचे नाव असते आणि प्रत्येक निर्णयामागे पूर्वीच्या संपादकांची एक रांग उभी असते. त्या रांगेचा उच्चार करणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे. जेरोमने तो केला, हे त्याचे श्रेय. आणि तो भाष्यात केला, उपासनेत वाचल्या जाणाऱ्या संहितेत नाही, ही त्याची अडचण. ओएआच्या श्रोत्याला भाष्य ऐकू येणार नव्हते. त्याला फक्त शब्द बदललेला ऐकू आला.

ऑगस्टीनचा युक्तिवाद साधारणतः रूढीचा कैवार म्हणून ओळखला जातो. त्याला हिब्रू येत नव्हते आणि सेप्टुअजिंटवर त्याची अपार श्रद्धा होती, हे खरे. पण त्याच पत्रात त्याने उपस्थित केलेला एक मुद्दा श्रद्धेचा नसून पद्धतीचा आहे. ग्रीकवरून केलेल्या भाषांतराविषयी शंका आली तर ग्रीक जाणणारी माणसे ठिकठिकाणी आहेत. पडताळा पाहता येतो. हिब्रूवरून केलेल्या भाषांतराविषयी शंका आली तर पडताळा कोणाकडे पाहावयाचा? एकट्या भाषांतरकाराच्या शब्दावर अनेक शतकांच्या पाठाला दोषी कसे ठरवावयाचे? ज्या ज्ञानाचा प्रतिवाद करण्याची साधने समाजाजवळ नाहीत, ते ज्ञान खरे असले तरी समाजाला ते सत्तेसारखेच भासते. हा आक्षेप आजच्या तज्ज्ञशासित विद्याव्यवहारालाही चुकविता येणारा नाही.

जेरोमने 404 मध्ये उत्तर लिहिले. त्याचा स्वर तिखट आहे, आणि त्याला कारणेही होती. ऑगस्टीनची आधीची पत्रे त्याच्या हाती पोहोचण्यापूर्वीच इतरत्र फिरत होती. त्यांतील एकाची प्रत एका डीकनला एड्रिॲटिक समुद्रातील बेटावर सापडली होती. आपल्या पाठीमागे आपली निंदा प्रसृत होत आहे, असे या वयोवृद्ध पंडिताला वाटले असल्यास नवल नाही. झाडाविषयी त्याने भाष्यातील खुलासा पुन्हा दिला आणि ओएआच्या यहुद्यांविषयी एक शेरा मारला: त्यांना हिब्रू येत नसावे, किंवा भोपळ्याच्या कैवाऱ्यांची थट्टा करण्यासाठी ते मुद्दाम खोटे बोलले असावेत. ऑगस्टीननेही आपल्या पत्रात त्यांचे उत्तर अज्ञानातून आले की दुष्टाव्यातून, असाच पर्याय ठेवला होता.

या ठिकाणी क्षणभर थांबणे आवश्यक आहे. एरवी प्रत्येक मुद्द्यावर झगडणारे हे दोन धर्मपंडित एकाच गोष्टीवर एकमत आहेत, आणि ती गोष्ट म्हणजे ज्यांच्याकडे मूळ ग्रंथ होता त्यांची साक्ष अविश्वसनीय असणे. ओएआचे यहुदी हे या प्रकरणातील तिसरे पक्षकार. त्यांना वादात ओढण्यात आले, त्यांच्या शब्दावर निर्णय घेण्यात आला, आणि मग उभय पक्षांनी त्यांच्यावर अज्ञानाचा वा कपटाचा शिक्का मारला. त्यांनी प्रत्यक्षात काय सांगितले, कोणत्या शब्दांत सांगितले, हे त्यांच्या बाजूने कोठेही लिहिलेले नाही. खवळलेल्या बहुसंख्य समाजासमोर उभे राहून त्याच्या पूर्वजांचा पाठ चुकीचा आहे असे सांगण्याची मुभा त्यांना कितपत होती, हा प्रश्न दोघांनाही सुचलेला दिसत नाही. पन्नास वर्षांची स्मृती, शंभर हस्तलिखिते आणि चार भाषा यांचा तोल सांभाळणाऱ्या विद्वत्तेला समोरच्या माणसाचे भय वाचता आले नाही. बेथलेहेममध्ये रात्री येणाऱ्या शिक्षकाचे भय ज्याने नोंदले, त्याच जेरोमला ओएआतील दिवसाउजेडीचे भय जाणवू नये, यात त्याच्या विद्वत्तेची एक बाजू उघडी पडते. ख्रिस्ती ग्रंथांच्या स्वीकाराचा इतिहास लिहिताना या तिसऱ्या पक्षाची जागा रिकामी आहे एवढे तरी नोंदले गेले पाहिजे.

ऑगस्टीनने 405 मध्ये पुन्हा लिहिले. हिब्रूवरून भाषांतर करण्याचे प्रयोजन आता आपल्याला पटले आहे, असे त्याने मान्य केले. मात्र ते भाषांतर चर्चमध्ये वाचले जाऊ नये हा आग्रह सोडला नाही. झाडाविषयी त्याचे मत असे, की हिब्रूतील वनस्पती भोपळाही नसेल आणि आयव्हीही नसेल, तरी सर्व लॅटिन प्रतींत भोपळाच राहावा. सत्तरांनी तो शब्द काही कारणाशिवाय घातला नसणार. पुढे ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या अठराव्या खंडात त्याने या विचाराला व्यापक रूप दिले, आणि उदाहरण पुन्हा योनाचेच घेतले. निनवेच्या नाशाला हिब्रूत चाळीस दिवसांची मुदत आहे. ग्रीकमध्ये तीन दिवसांची. ऑगस्टीन दोन्ही पाठ स्वीकारतो. संदेष्ट्याने चाळीस म्हटले असेल. पण ज्या आत्म्याने त्याला बोलविले त्यानेच सत्तरांकडून तीन म्हणविले, आणि दोन्हींत अर्थ आहे. पाठचिकित्सेच्या दृष्टीने ही पळवाट आहे. स्वीकाराच्या दृष्टीने मात्र हा विलक्षण धाडसी विचार आहे, कारण त्यात एका ग्रंथाला दोन वैध जीवने असू शकतात हे मान्य केलेले आहे.

विसाव्या शतकातील संशोधनाने या दोन्ही पंडितांच्या पायाखालची जमीन थोडी हलविली. मृत समुद्राच्या पश्चिमेकडील नहाल हेव्हेर येथील गुहेतून बारा लघुसंदेष्ट्यांच्या ग्रीक संहितेची एक गुंडाळी मिळाली. दोमिनिक बार्थेलेमी यांनी 1963 मध्ये तिचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि 1990 मध्ये तिची प्रमाण आवृत्ती निघाली. या गुंडाळीतील ग्रीक पाठ हिब्रूशी जुळवून सुधारलेला आहे, आणि ही सुधारणा यहुदी अभ्यासकांनी जेरोमच्या काही शतके आधी केलेली आहे. याचा अर्थ, ऑगस्टीन ज्या सेप्टुअजिंटला अखंड व अचल मानीत होता ती मुळातच दुरुस्त होत आलेली होती; आणि जेरोम जी क्रांती आपली समजत होता ती यहुदी परंपरेत पूर्वीच रुजलेली होती. उगमाकडे जाणारी वाट एकट्याने काढलेली नसते.

या वादाचा एक धागा मराठीपर्यंत येतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याच्या अखेरच्या पर्वात हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. 1922 मध्ये निधनापूर्वी त्यांनी ते काम हातावेगळे केले आणि 1924 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुक्तीतील स्त्रियांनीच त्याचे टंक जुळविले आणि छपाई केली. मूळ भाषांशी थेट जाण्याची हिंमत या दृष्टीने रमाबाई जेरोमच्या परंपरेतील आहेत. पण त्यांच्यापुढील प्रश्न त्याच्या नेमका उलट होता. ओएआत श्रोत्यांची स्मृती ख्रिस्ती संहितेनेच घडविलेली होती. मराठीत उपलब्ध असलेले धर्मविषयक शब्द दुसऱ्याच दर्शनांच्या स्मृतीने भरलेले होते. संस्कृत विद्येत मुरलेल्या रमाबाईंना वेदान्ताच्या छटा घेऊन येणारे शब्द कोठे आणि कसे अर्थ फिरवितात हे आतून कळत होते. म्हणून त्यांनी ते टाळून साध्या, अल्पशिक्षित बायकांना उमगेल अशा बोलीकडे धाव घेतली. श्रोत्याची स्मृती हा अडथळा आहे हे जेरोमला दिसले, आणि तीच आधार आहे हे ऑगस्टीनला. रमाबाईंना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाहाव्या लागल्या. मंडळ्यांच्या नित्य वाचनात मात्र बायबल सोसायटीचेच भाषांतर राहिले. रमाबाईंची संहिता अभ्यासकांच्या आदराचा विषय झाली, पण कानांत मुरणाऱ्या शब्दांची जागा तिला मिळाली नाही. जेरोमच्या बाबतीत शतकांनी उलट निकाल दिला: त्याचे भाषांतर पश्चिमेकडील चर्चचे प्रमाण भाषांतर झाले, आणि ज्या शब्दावर ओएआत गदारोळ झाला तीच आयव्ही पुढील हजार वर्षे श्रद्धेने ऐकली गेली. एके काळी जी नवी आणि भ्रष्ट वाटली तिच्याच संरक्षणासाठी पुढच्या काळातील भाविक सुधारकांशी भांडले.

भोपळाही पुरता गेला नाही. आल्ब्रेख्त ड्यूररने 1514 मध्ये कोरलेल्या प्रसिद्ध चित्रात जेरोम आपल्या अभ्यासिकेत लिहीत बसला आहे आणि त्याच्या दालनाच्या छताला एक भलामोठा भोपळा टांगलेला आहे. पीटर पार्शल या कलेतिहासकाराने 1971 मध्ये त्याचा संबंध याच जुन्या वादाशी जोडला. मेज, वाळूचे घड्याळ, कवटी, पेंगणारा सिंह आणि वर लोंबणारे ते वाळके फळ: विद्वानाने संहितेतून काढून टाकलेला शब्द त्याच्याच खोलीत वस्तू होऊन राहिलेला.

आजच्या बहुतेक अभ्यासपूर्ण आवृत्त्यांत या ओळीखाली एक तळटीप असते. तीत तिन्ही झाडे शेजारीशेजारी नांदतात आणि कोणीही गदारोळ करीत नाही. ही शांतता ज्ञानाच्या प्रगतीची खूण आहे. पण ग्रंथ वाचणारे आणि तळटीप वाचणारे आता क्वचितच एका छपराखाली बसतात, हेही त्या शांततेचे एक कारण आहे. ओएआच्या त्या नाव नसलेल्या बिशपच्या नशिबी ही सोय नव्हती. विद्वानाचा शब्द आणि समाजाचा कान या दोहोंना एकाच सभेत जबाबदार राहण्याची पाळी त्याच्यावर आली. त्याने माघार घेतली. पण त्याआधी त्याने नवे भाषांतर मोठ्याने वाचले होते, आणि शंका येताच जाऊन विचारलेही होते. या पत्रव्यवहारातील दोन्ही थोर पुरुषांनी यांपैकी एकही गोष्ट केलेली नाही.

योनाचे पुस्तक एका प्रश्नावर संपते. ज्या झाडासाठी तू कष्ट केले नाहीस त्याच्यासाठी तुला एवढी कळकळ वाटते, तर मग ज्यांना उजवे-डावे कळत नाही अशा एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांच्या आणि कितीतरी गुराढोरांच्या त्या नगरासाठी मला वाटू नये काय, असा त्याचा आशय आहे. योनाचे उत्तर पुस्तकात नाही. सेप्टुअजिंटमध्ये, जेरोमच्या भाषांतरात आणि हिब्रूत, झाडाचे नाव काहीही असले तरी, हा प्रश्न सारखाच आहे.